चालू पेटीत एक हात

मी भैंशाला सासरी आले तेव्हा मामाजींना कमी ऐकू येतं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. एका जिनिंगमध्ये ते मिस्त्री होते. इंजिन, पट्टे, विजेच्या तारा, सगळं त्यांच्याच हाताखाली. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनांचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांचा, आवाज सकाळपासून गाव व्यापून टाकायचा, आणि त्या आवाजात दिवस काढणारी माणसं घरी आल्यावरही ओरडूनच बोलायची. बाजारात जिनिंगच्या माणसानं वांग्यांचा भाव विचारला तरी भांडण लागलंय असं वाटायचं. अशा गावात एखाद्याला ऐकू येत नाही हे कळणार कसं? त्याच्याशी सगळे आधीच ओरडत होते.

मी तेवढी ओरडत नव्हते. सासऱ्याशी सुनेनं बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत होती. पाणी द्यायचं, चहा ठेवायचा, समोरून जायचं असेल तर दारातच बांगड्या जरा वाजवायच्या. ते ऐकून पुरुष माणूस मान वळवतो किंवा बाजूला सरतो, आणि आपण डोक्यावरचा पदर सांभाळत निघून जायचं. लग्नाला महिना झाला असेल. दुपारी मी चहा घेऊन ओसरीच्या दारात उभी राहिले आणि बांगड्या वाजवल्या. मामाजी पाठमोरे बसले होते, हलले नाहीत. पुन्हा वाजवल्या, तरी नाही. कपाळाला आठी घालून मी चहा तिथंच ठेवला आणि परत आले. मला वाटलं, माझ्या हातून काही चुकलं म्हणून रागावलेत.

पुढचे चार दिवस तेच झालं. पाचव्या दिवशी मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कोनाले सांगू नको," त्या म्हणाल्या. "तुह्या नवऱ्यालेबी नको."

का, ते मला लगेच समजलं. इंजिनाचा मिस्त्री कानानं काम करतो. बेअरिंग कोरडं पडलं, पट्टा सरकला, हे त्याला दिसायच्या आधी ऐकू यावं लागतं. नाहीतर एखाद्याचा हात जातो. मामाजी अजून इंजिनावर तळहात ठेवून, पावलांखालच्या जमिनीच्या थरथरीवरून निभावून नेत होते. मॅनेजरला कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि घर जिनिंगचंच असल्यामुळे तेही गेलं असतं. माझा नवरा आदिलाबादच्या तहसिलीत नवा अहलकार, म्हणजे कारकून, होता, दोघा जणांबरोबर एका खोलीत राहायचा आणि पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. सगळं घर त्या म्हाताऱ्याच्या कानांवर उभं होतं, आणि ते कान चालले होते.

इथे ती गिटारीची पेटी येते. जिनिंगचे मॅनेजर मुंबईकडचे पारशी होते. एकटे राहायचे, तापट नव्हते, संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात मांडीवर गिटार आडवी घेऊन तारांवरून लोखंडाचा तुकडा सरकवत वाजवायचे. त्या गिटारीची एक तार एका पेटीत जायची आणि आवाज त्या पेटीतून यायचा. कुंपणाबाहेर माणसं गोळा व्हायची. आमच्याकडे तिला ॲम्प्लिफायर कुणी म्हणत नसे. ती नुसती पेटी. छोट्या ट्रंकेएवढी, तोंडाला जाड कापड लावलेलं, आत काचेचे वॉल्व्ह चुलीतल्या निखाऱ्यासारखे लाल होणारे.

पेटी सारखी आजारी पडायची. जिनिंगची वीज इंजिनावर चालायची. इंजिन मंदावलं की दिवे मंदावायचे, उसळलं की पेटीतलं काहीतरी जळायचं. दुरुस्त करणारा माणूस थेट हैदराबादला. मामाजी तरुणपणी हैदराबादेत एका रेडिओवाल्याकडे तीन वर्षं होते, त्यामुळे ती आमच्या ओसरीतल्या टेबलावर यायची. कारखान्यातून एक तार त्यांच्या टेबलापर्यंत ओढलेली होती.

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी जिनं बंद असायची, पण दुपारी पाण्याच्या पंपासाठी इंजिन चालायचं. वीजही आहे आणि शांतताही आहे, असे दिवसाउजेडी आठवड्यात तेवढेच दोन तास. अशा एका शुक्रवारी मामाजींनी पेटी उघडली होती. मी आतून बघत होते. त्यांनी कापडाला कान चिकटवला. मग दुसरा कान. मग तळहात ठेवला, आणि हात तसाच ठेवून बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. इतकं कळणारा माणूस, आणि एका लाकडी पेटीपुढे असा बसलेला.

आत्याबाईंनीही ते पाहिलं. त्या त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या, "तिले इचारा न! तिचे कान लय तेज हायत!"

कान तेज होते हे खरं. माझे वडील आदिलाबादला हार्मोनियम वाजवायचे आणि कुठला सूर उतरला हे मी सात वर्षांची असल्यापासून सांगायची. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तीन हातांवर उभी होते, तरी ते आत्याबाईंना म्हणाले, "तिले म्हना, पेटीत काय ऐकू येऊन राह्यलं ते सांग."

मी आत्याबाईंना हळूच सांगितलं, "घूं असा आवाज हाय. एकसारखा."

आत्याबाई ओरडल्या, "भुनभुन करते म्हनते!"

मामाजींनी काहीतरी फिरवलं. मी सांगितलं, आता बारीक शिट्टी येते आणि मधेच तुटते. आत्याबाई ओरडल्या, "आवाज येते म्हनते!" मामाजी कपाळावर हात मारून घेणार होते. असं पाऊण तास चाललं. शेवटी आत्याबाईच वैतागल्या. "दार लाव अन् तूच बोल बाप्पा. माह्यं पीठ वाळून राह्यलं." त्यांनी ओसरीचं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि आत गेल्या.

बंद दाराआड मी सासऱ्याशी पहिलं वाक्य बोलले ते हे: "शिट्टी तुटून राह्यली, मामाजी." आवाज इतका बारीक निघाला की त्यांना तो पोहोचलाच नाही. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मान वर कर, बाई. तोंड दिसलं तर समजते." मी मान वर केली आणि ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कुणाशी बोलले नव्हते.

पुढची दीड वर्षं, दर शुक्रवारी, दार लावून आम्ही दोघं त्या टेबलाशी बसायचो. पेटी नसली की कुणाचा रेडिओ असायचा. मामाजी काय बिघडलंय असं कधीच विचारायचे नाहीत. "काय ऐकू येऊन राह्यलं?" एवढंच. सुरुवातीला मला सांगता येत नसे, कारण आवाजांना माझ्याकडे शब्दच नव्हते. मग जिनिंगमधलेच घेतले. घूं म्हणजे मोठा कंडेन्सर सुकला. आवाज चिरफाळून आला की आम्ही म्हणायचो पट्टा फाटला. तेव्हा एक छोटा कंडेन्सर गळत असतो. आणि पत्र्यावर कापसाचं बी पडावं तशी खरखर आली की सरकी. सरकी म्हणजे कुठंतरी तारेचा जोड कच्चा. हा शब्द माझा होता, आणि मामाजींना तो आवडला होता. त्यांना शेवटची ऐकू आलेली खरखर कधीची होती कोण जाणे, पण सरकी म्हटलं की त्यांचे डोळे बरोबर जोडांवरून फिरायचे.

दोष शोधायचा तो मागून पुढे. आधी स्पीकर, मग शेवटचा वॉल्व्ह, मग त्याच्या आधीचा. प्रत्येक ठिकाणी पेचकसाचं टोक लावायचं आणि स्पीकर भुर्र करतो का ते ऐकायचं. जिथं भुर्र थांबलं, दोष तिथंच. हे ऐकायला सोपं वाटतं. मला ते धड जमायला पावसाळा गेला.

दोन नियम त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले. पेटी बंद केली तरी तिला मेलेली समजायचं नाही. कंडेन्सरात वीज दडून बसते, आधी ती काढायची. आणि दुसरा: चालू पेटीत एक हात, बंद पेटीत दोन. चालू पेटीत दोन्ही हात घातले आणि वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली तर मधे काळीज असतं. रेडिओवाले म्हणून डावा हात खिशात ठेवतात. मला खिसा नव्हता, पण माझा डावा हात पदर धरायला सदाच डोक्याशी असायचा. मामाजींनी ते पाहिलं आणि संध्याकाळी आत्याबाईंना म्हणाले, "हिचा डावा हात आधीच कामात हाय. हे काही मरत नाई." घरात त्या दिवशी सगळे हसलो. मीसुद्धा तोंडावर पदर घेऊन हसले.

बंद पेटीत मात्र दोन हात लागायचेच. एका हातात तार, दुसऱ्यात तापलेलं लोखंड, त्यानं कथील वितळवून जोडाला डाग द्यायचा. पदर खांद्यावर यायचा. दार बंद असायचं आणि मामाजी माझ्याकडे नाही, तारेकडे बघायचे. "कथील थंडं होईस्तोवर तार हालू देऊ नको," ते म्हणायचे. "दम धर." तार हलली नाही की डाग चांदीसारखा चमकतो. हलली की तो राखेच्या रंगाचा होतो. तसा डाग थंड असताना काम देतो, तापला की सरकी सुरू. मामाजींचे डाग मोठे, गोल आणि चकचकीत असायचे. माझे लहान यायचे. माझा कुठला आणि त्यांचा कुठला हे कुणीही सांगितलं असतं.

दुसऱ्या हंगामात एका शुक्रवारी मॅनेजरसाहेबांकडे बैठक होती. तालुक्याचे एक बडे अंमलदार, कापसाचे व्यापारी, गावातली मंडळी, सगळ्यांना संध्याकाळी पाचला गिटार ऐकायला बोलावलेलं, त्यासाठी इंजिन रात्रीपर्यंत चालू राहणार होतं. आणि बुधवारी पेटी मुकी झाली. गुरुवारी मी दोष शोधला, एकटीनं, जिनांच्या आवाजात स्पीकरला कान चिकटवून. शेवटचा वॉल्व्ह भुर्र करत होता, पहिला करत नव्हता. मधल्या कंडेन्सरची तार मुळाशी तुटली होती. त्याच्यावरचा कागदही सुटला होता, तो मी हिरव्या दोऱ्यानं गुंडाळला. मामाजी नुसते बघत होते. "आता डाग तूच दे," म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला! पण गुरुवारी जिनं चालू होती, लोखंड तापवेपर्यंत मामाजींना इंजिनाकडे बोलावणं आलं, आणि डाग द्यायचं काम शुक्रवारवर गेलं.

शुक्रवारी दुपारी इंजिन सुरू झालं. दार लावलेलं होतं, कडी घातली नव्हती. तार कंडेन्सरच्या जागी धरून मी कथील वितळवलं, लोखंड उचललं आणि दम धरला. तेवढ्यात दार उघडलं आणि माझे वडील आत आले.

शुक्रवारची सुट्टी होती म्हणून ते सकाळच्या मोटारीनं आदिलाबादहून लेकीला भेटायला निघाले होते. आत्याबाई त्यांच्या मागोमाग होत्या. दारात वडील दिसताच माझा डावा हात डोक्याकडे गेला. मी नेला नाही, तो गेला. त्या हातात तार होती. डागाची चमक मावळताना मला दिसली, असं आज वाटतं. तेव्हा खरंच दिसली होती की मी ती नंतर मनात आणली, हे आता सांगता येत नाही.

वडील खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. "हे काय करून राह्यली तू?" त्यांनी हसत विचारलं, पण ते हसणं पुरतं नव्हतं. "हात लावते थोडा मदतीले," आत्याबाई म्हणाल्या. सासरी पाठवताना वडिलांनी मला एकच गोष्ट सांगितली होती: तिथं आवाज चढवू नको, घराचं नाव बाईच्या आवाजावरून समजते. मी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

मामाजींनी पेटी लावली. वॉल्व्ह तापेपर्यंत थांबले. मग पहिल्या वॉल्व्हला पेचकस लावला आणि माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं तोंडानं विचारलं नाही. नुसत्या भुवया वर केल्या.

आवाज स्वच्छ होता. मग, थोड्या वेळानं, पत्र्यावर तीन-चार दाणे पडले. पुन्हा स्वच्छ.

मला एवढंच करायचं होतं. मान आडवी हलवायची. पण मग ते विचारणार, काय ऐकू येऊन राह्यलं? आणि मला मान वर करून, माझ्या बापासमोर, सासऱ्यावर ओरडावं लागणार. वडिलांना दोन गोष्टी एकदम कळल्या असत्या: लेक सासऱ्याशी ओरडून बोलते, आणि सासऱ्याला ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट त्याच मोटारीनं आदिलाबादला गेली असती. मी स्वतःला सांगितलं की मी मामाजींचं गुपित राखते आहे. ते खोटं होतं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. मी मान उभी हलवली.

मामाजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेटी बंद केली, मागची फळी लावली, आणि गड्याकडून ती बंगल्यावर पोचवली.

बैठकीला आम्ही बायका व्हरांड्याच्या आतल्या खोलीत, चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्यामागे बसलो होतो. वडील बाहेर पुरुषांत होते. मॅनेजरसाहेबांनी वाजवायला सुरुवात केली. मामाजी पेटीशेजारी उभे होते, तळहात तिच्या डोक्यावर ठेवून. वीस-पंचवीस मिनिटं सगळं छान चाललं. मी मनात म्हणत होते, तापू नको, तापू नको.

मग सरकी पडायला लागली. आधी दाणे, मग मूठ-मूठ, मग पोतं उलटं करावं तशी. लोकांनी कानांवर हात ठेवले. साहेब थांबले आणि म्हणाले, "मिस्त्री, बंद करो."

मामाजी उभेच. खरखर तळहाताला लागत नाही. लागतो तो जाड, भरीव आवाज. त्यांच्या हाताखाली पेटी ठीक चालली होती. चेहऱ्यावर थोडं समाधान होतं, आणि ते समोरच्या पाहुण्यांकडे बघत होते.

"मिस्त्री! सुनाई नहीं देता क्या?"

कुणीतरी हसलं. साहेबांनी गिटार बाजूला ठेवली, उठले, आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. तेव्हा मामाजींनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. एकेका चेहऱ्याकडे, सावकाश. मग खाली वाकून त्यांनी पेटीचं बटण बंद केलं. मी चिकामागे पंधरा पावलांवर बसले होते, उठून ओरडता आलं असतं. मी पदर पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच बंगल्यावर गेले आणि पेटी तिथंच दुरुस्त करून आले. आत्याबाईंनी कानाशी जाऊन विचारलं तर म्हणाले, "कंडेन्सर गेलता. नवा घातला. कोनाचा दोष नाई." मी चुलीपुढे होते. ते ऐकून मला सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही चीड येते.

साहेब वाईट माणूस नव्हते. हंगाम संपेपर्यंत राहा म्हणाले. पण बहिऱ्या माणसाच्या हाती इंजिन देता येत नाही, एवढं त्यांनी सरळ सांगितलं. मामाजींनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाले, "साहेब बराबर बोलले." हंगाम संपला, आम्ही घर सोडलं आणि आदिलाबादला माझ्या नवऱ्याकडे आलो. बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. भैंशाचं घर सोडताना आत्याबाईंनी उंबऱ्याला कुंकू लावलं. मामाजी जाऊन इंजिनावर हात ठेवून आले. ते बंद होतं.

आदिलाबादेत मामाजींनी पुन्हा टेबल मांडलं. रेडिओ यायचे, लग्नातले लाऊडस्पीकर यायचे. ऐकायची मी, डाग द्यायची मी, आणि लोक म्हणायचे मिस्त्रींनी काय सुंदर काम केलं. दार मात्र लावलेलंच असायचं. त्यांना आता तोंडाशी ओरडूनही थोडंच कळायचं. उरलेलं ते ओठांवरून वाचायचे. तिथल्या दोन वर्षांत मी खरी शिकले. त्या शुक्रवारबद्दल मात्र आम्ही कधी बोललो नाही. बोलायचं असं मी शेकडो वेळा ठरवलं असेल. दर वेळी मला आठवायचं, कंडेन्सर गेला होता, कुणाचा दोष नाही. आणि मी पुढच्या जोडाकडे वळायची.

मग भैंशाहून ती पेटी आली. साहेब मुंबईला कायमचे परत चालले होते. जाण्याआधी एकदा मिस्त्रींच्या हातून नीट करून घ्या, असा निरोप होता. उन्हाळ्याचे दिवस होते, दुपार होती. वाऱ्यासाठी आत्याबाईंनी ओसरीचं दार सताड उघडून ठेवलं होतं. गल्लीत शेजारच्या बायका वाती वळत बसल्या होत्या. मामाजी टेबलाच्या पलीकडे बसले. मी मागची फळी काढली, दडलेली वीज काढून टाकली आणि आत पाहिलं.

कंडेन्सर नवा नव्हता. तोच होता. माझा हिरवा दोरा त्याच्यावर तसाच गुंडाळलेला होता, धुळीनं काळवंडलेला. आणि ज्या जागी मी डाग दिला होता तिथं माझा लहान डाग नव्हता. मोठा, गोल, चकचकीत होता.

त्या सकाळी बंगल्यावर त्यांनी पेटी उघडली तेव्हा राखेच्या रंगाचा माझा डाग त्यांच्या समोर होता. त्यांनी तो पुसून स्वतःचा दिला, आणि घरी येऊन खोटं बोलले. दोन वर्षं ते माझ्यासमोर बसून मला शिकवत होते.

"मामाजी," मी म्हणाले. त्यांनी वर पाहिलं. मी मान वर केली. "त्या दिवशी सरकी पडून राह्यली होती. मले ऐकू आली होती. मी सांगतलं नाई."

त्यांना ओठांवरून कळलं. त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुही मान हालली, पन डोळे पेटीवरच होते. साफ आवाज असला का तू पेटीकडं पायत नाई."

"म्हंजे तुमाले दुपारीच समजलं होतं?"

"हाव."

"मग बंगल्यावर नेली काऊन? मले इचारलं काऊन नाई?"

मामाजींनी पेचकस उचलला, पुन्हा खाली ठेवला. "तुहा बाप बसला होता," ते म्हणाले. "इचारलं असतं तर तुले त्याच्यासमोर बोंबला लागलं असतं. सून सासऱ्यावर बोंबलते, हे पाहून बाप घरी गेला असता. वाटलं, तासभर निभंल."

मला रडू आलं. मी तशीच टेबलाशी बसून रडले, पदर खांद्यावर असताना, दार उघडं असताना. मी डोळे पुसेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी पेटी लावली, वॉल्व्ह लाल होऊ दिले, आणि तळहात तिच्यावर ठेवून विचारलं, "सांग, काय ऐकू येऊन राह्यलं?"

मी दाराकडे पाहिलं. तेही पाहिलं त्यांनी. "लावून घे पाह्यजे तर," ते म्हणाले.

"राहू द्या उघडं," मी म्हणाले, आणि मान वर करून असं ओरडले की गल्लीतल्या बायकांचे हात थांबले. "घूं करून राह्यली, मामाजी! मोठा कंडेन्सर सुकला!"